सहा की आठ? ॲक्शन शूटिंगसाठी रिव्हॉल्व्हर निवडताना

ॲक्शन शूटिंगमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्ध धावत-पळत नेमबाजी करायच्या खेळात, रिव्हॉल्व्हर घेऊन उतरणारा माणूस मुळातच थोडा हट्टी असतो. शेजारचा पिस्तूलवाला वीसेक गोळ्यांचं मॅगझिन चढवून अर्धी स्टेज (सामन्यातला एक टप्पा) एका दमात उरकतो. आपण मात्र सहा किंवा आठ गोळ्या झाडतो, सिलिंडर उघडतो, पुंगळ्या पाडतो, पुन्हा भरतो, पुन्हा बंद करतो. हा हट्ट एकदा जडला की कोणतं रिव्हॉल्व्हर घ्यायचं हा प्रश्न आलाच, आणि बहुतेक जण त्याला भलत्याच टोकाकडून हात घालतात. कुठल्या कंपनीचं चांगलं, पॉलिश कुणाचं सुरेख, नळी किती लांब. मीही तसंच केलं होतं. सहा इंची नळीचं, देखणं, जाडजूड लाकडी मुठीचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि पहिल्याच सामन्यात कळलं की ती मूठ स्पीडलोडरला, म्हणजे सगळ्या गोळ्या एकदम सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या साधनाला, आडवी येते. लोडर दर वेळी लाकडावर अडकायचा. नेम राहिला बाजूला, भर स्टेजवर माझी लोडरशी झटापट चाललेली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. या खेळातलं रिव्हॉल्व्हर गोळ्या झाडायला कसं आहे यापेक्षा भरायला कसं आहे यावर निवडावं. आजकालचं कुठलंही बरं रिव्हॉल्व्हर आपल्यापेक्षा अचूकच असतं. वेळ जातो तो भरण्यात.

खेळ आधी, हत्यार नंतर

रिव्हॉल्व्हरला जागा देणारे खेळ बरेच आहेत, पण प्रत्येकाचे नियम वेगळे. एका ठिकाणी राजा असलेलं रिव्हॉल्व्हर दुसरीकडे उभंही राहू शकत नाही.

सगळ्यांत मोठं घराणं आयपीएससीचं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया, मिसुरी इथे संघटना स्थापन झाली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, ताकद आणि वेग या तिन्हींचा तोल हे तिचं ब्रीद. तिची अमेरिकन शाखा म्हणजे यूएसपीएसए. इथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. काडतुसाची ताकद पॉवर फॅक्टरने मोजतात: गोळीचं वजन ग्रेन या लहान मापात, वेग फूट प्रति सेकंदात, दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागायचं. १२५ आले तर मायनर, १६५ आले तर मेजर. मधल्या ‘ए’ भागात गोळी लागली तर दोघांनाही ५ गुण. ‘सी’मध्ये मेजरला ४ आणि मायनरला ३, ‘डी’मध्ये मेजरला २ आणि मायनरला १. रिव्हॉल्व्हर डिव्हिजनमध्ये पूर्वी सहाच गोळ्यांचं राज्य होतं. २०१४ पासून यूएसपीएसएने आठ गोळ्यांना वाट करून दिली, पण एका अटीवर. सहाच्या वर झाडणाऱ्याला मायनरचेच गुण मिळतात. या लेखाच्या मथळ्यातलं भांडण तिथून सुरू झालं.

आयकोर ही खास रिव्हॉल्व्हरवाल्यांची संघटना, १९९१ पासूनची. इथे मेजर-मायनर हा भेदच नाही. पॉवर फॅक्टर १२० असला की झालं. गुणांऐवजी वेळ मोजतात आणि चुकांचे सेकंद त्यात भरतात: ‘बी’ भागात लागली तर एक सेकंद, ‘सी’मध्ये लागली तर दोन. डिव्हिजन मात्र नीट वाचून घ्यावेत. ओपनमध्ये रेड डॉट (लाल ठिपक्याची भिंगवाली साइट) आणि कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडावरचा, उसळी कमी करणारा जोड) चालतो. लिमिटेडमध्ये साधी साइट, पण गोळ्या आठ चालतात. लिमिटेड ६ मध्ये सहाच. क्लासिकमध्ये सहा गोळ्या आणि त्याही मून क्लिपशिवाय (ही गोळ्या एकत्र धरून ठेवणारी पोलादी चकती), म्हणजे स्पीडलोडरनेच भरायच्या.

१९९६ मध्ये सुरू झालेल्या आयडीपीएमध्ये कमरेला रोज बाळगता येईल अशा शस्त्रावर भर आहे. त्यामुळे नळी जास्तीत जास्त सव्वाचार इंचांची आणि गोळ्या सहाच. स्टॉक प्रकारात पॉवर फॅक्टर १०५ पुरतो. एन्हान्स्ड प्रकारात मून क्लिप चालते, पण तिथे १५५ लागतो. एका स्ट्रिंगमध्ये (सलग फैरीत) १८ पेक्षा जास्त गोळ्या लागत नाहीत. १८ भागिले ६ म्हणजे बरोब्बर ३. कोणी ठरवून केलं की नाही माहीत नाही, पण सहावाल्याला हा आकडा सोयीचा पडतो.

आणि स्टील चॅलेंज, १९८१ पासून चालत आलेला. ठरलेल्या आठ स्टेज, प्रत्येकीत पाच लोखंडी पत्रे, चार टिपायचे आणि शेवटी पाचव्या ‘स्टॉप प्लेट’वर घड्याळ थांबवायचं. प्रत्येक स्टेजवर पाच फेऱ्या, त्यातल्या सर्वोत्तम चार धरतात (आउटर लिमिट्स या स्टेजवर चार फेऱ्या, त्यातल्या तीन). पॉवर फॅक्टरची भानगड नाही. साध्या साइटचं रिव्हॉल्व्हर आणि रेड डॉटचं रिव्हॉल्व्हर असे दोन वेगळे गट आहेत. पाच पत्रे आणि सहा गोळ्या, म्हणजे एक चूक माफ. आठ असतील तर तीन माफ. इथे भरण्याचा प्रश्न सहसा येतच नाही, म्हणून माझं वरचं ‘पक्कं मत’ या एका खेळात लंगडं पडतं. इथे ट्रिगर आणि साइट बघून घ्यावं.

सहाचं बळ, आठचा श्वास

आता मुख्य भांडण, म्हणजे यूएसपीएसएमधलं. एक कल्पित स्टेज घेऊ: ३२ गोळ्यांची, सोळा कागदी टार्गेट, प्रत्येकावर दोन. आठवाल्याला स्टेज संपेपर्यंत तीनदा भरावं लागतं, सहावाल्याला पाचदा. म्हणजे दोन रीलोडचा फरक. शिवाय मध्यम आणि लांब स्टेजवर एका जागेवरून आठपेक्षा जास्त गोळ्या लागतील अशी रचना करायची नाही असा नियम आहे, आणि स्टेज रचणारे तो आकडा अगदी मनापासून वापरतात. आठवाला एका खिडकीतून आठ झाडतो आणि पुढच्या खिडकीकडे धावता धावता भरतो. सहावाला त्याच खिडकीत सहा झाडून उभ्या उभ्या भरतो, उरलेल्या दोन झाडतो आणि मग निघतो. धावताना केलेलं रीलोड जवळजवळ फुकट असतं, उभ्याने केलेल्याची पूर्ण किंमत मोजावी लागते.

मग मेजरचा फायदा कितीसा? कागदावर मांडून बघू. समजा दोघांनीही २४ ‘ए’ आणि ८ ‘सी’ मारल्या. मेजरवाल्याचे १५२ गुण, मायनरवाल्याचे १४४. मायनरवाल्याने २५ सेकंदांत स्टेज संपवली तर त्याचा हिट फॅक्टर ५.७६. त्याची बरोबरी करायला मेजरवाल्याला साधारण २६.४ सेकंद मिळतात. म्हणजे दोन जादा रीलोडसाठी हातात फक्त १.४ सेकंद. ते दोन्ही रीलोड चालता चालता उरकले तरच हे जमायचं.

पण तेच दोघे जरा गचाळ नेमाचे असतील, अर्ध्या ‘ए’ आणि अर्ध्या ‘सी’, तर चित्र बदलतं. मेजरचे १४४, मायनरचे १२८. मायनरच्या २५ सेकंदांना मेजरचे २८.१ सेकंद पुरतात. आता तीन सेकंद मिळाले, दोन रीलोड त्यात बसूही शकतात. गंमत अशी की मेजरचा आधार ज्याला सर्वांत जास्त हवा, त्या नवशिक्याचे रीलोडही सगळ्यांत मंद असतात. आणि ज्याचे रीलोड विजेसारखे, त्याच्या ‘सी’ कमी, त्यामुळे मेजरचा लाभही कमी. एकंदरीत पारडं आठकडे झुकतं.

१९९९ मध्ये जेरी मिक्युलेक या नामांकित अमेरिकन रिव्हॉल्व्हर नेमबाजाने सहा गोळ्यांच्या .४५ रिव्हॉल्व्हरमधून सहा झाडल्या, भरल्या, पुन्हा सहा झाडल्या आणि हे सगळं २.९९ सेकंदांत उरकलं. त्या हातांना सहा आणि आठ यांत फारसा फरक पडत नसेल. माझं एक चांगलं रीलोड तेवढा वेळ घेतं, म्हणून मी आठकडे वळलो.

आयकोरमध्ये तर प्रश्नच मिटतो. मेजरचं बक्षीसच नाही, मग लिमिटेड आणि ओपनमध्ये सहा घेऊन जाणं म्हणजे हौस. उलट क्लासिक, लिमिटेड ६ आणि आयडीपीएमध्ये सहाच योग्य. सातचं काय? सात गोळ्यांची रिव्हॉल्व्हर बाजारात आहेत आणि यांत्रिकदृष्ट्या तशी सुबकही. गोळ्यांची संख्या विषम असली की सिलिंडरवरच्या अडकणीच्या खाचा दोन चेंबरच्या (गोळी बसायच्या भोकांच्या) मध्ये पडतात, चेंबरच्या पातळ भिंतीवर नाही. पण स्पर्धेत सात म्हणजे धड ना इकडचं, धड ना तिकडचं. मेजरचे गुण जातात आणि आठवी गोळीही मिळत नाही. सात आधीच घरात असेल तर त्यानेच खेळा. स्पर्धेसाठी म्हणून मुद्दाम सात घेऊ नका.

काडतूस: आखूड तितकं बरं

सिलिंडर उघडून इजेक्टर दाबला की पुंगळ्या मागे सरकतात. पण इजेक्टरची दांडी अनेकदा पुंगळीच्या लांबीइतकी मागे येतच नाही. .३५७ मॅग्नमची पुंगळी सुमारे ३३ मिमी, .३८ स्पेशलची २९. हात जोरात आणि सरळ पडला नाही तर एखादी अर्ध्यात अडकते आणि तिच्याकडे बघण्यात दोन सेकंद जातात. .४५ एसीपीची लांबी २३ मिमीच्या आत, ९ एमएम आणि .३८ शॉर्ट कोल्टची जेमतेम १९. या आखूड पुंगळ्या मून क्लिपसह एका धक्क्यात जमिनीवर पडतात. भरतानाही तेच. आखूड काडतुसांचा गुच्छ कमी डोलतो आणि चेंबरची तोंडं चटकन सापडतात.

त्यातही .४५ ची मजा वेगळी. जाड, गोल नाकाचं काडतूस, मोठं भोक आणि शंभर वर्षांहून जुनी मून क्लिपची परंपरा. १९१७ मध्ये अमेरिकन सैन्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे बिनकाठाचं (बुडाला बाहेर आलेली कड नसलेलं) पिस्तुली काडतूस वापरता यावं म्हणून तीन-तीन गोळ्यांच्या अर्ध्या क्लिप निघाल्या, पुढे त्यांच्याच पूर्ण चकत्या झाल्या. २३० ग्रेनची गोळी ७२० फुटांच्या वेगाने सोडली तरी १६५ चा उंबरा ओलांडला जातो. धक्का मोठा पण संथ, ढकलल्यासारखा. मेजरसाठी यापेक्षा सुखाचं काडतूस मला माहीत नाही. हाच आकडा .३५७ ने गाठायचा तर १५८ ग्रेनला १०५० फूट लागतात. आवाज कानठळ्या बसवणारा, धक्का चाबकासारखा. एखाद्या शनिवारी ठीक, वर्षभर नको. .४० एस अँड डब्ल्यू वापरणारं सहा गोळ्यांचं मोठं रिव्हॉल्व्हरही मेजर गाठतं आणि पुंगळीही आखूड आहे, पण .४५ सोडून तिकडे जावं असं सबळ कारण मला दिसत नाही. आधीच .४० चं पिस्तूल आणि त्याची काडतुसं घरात असतील तर गोष्ट वेगळी.

आठ गोळ्यांत निवड तीन काडतुसांमध्ये. .३८ स्पेशल सगळीकडे मिळतं, पण लांब. .३८ शॉर्ट कोल्ट हे एकोणिसाव्या शतकातलं विस्मृतीत गेलेलं काडतूस स्पर्धकांनी पुन्हा बाहेर काढलं. ते .३५७ च्या चेंबरमध्ये चालतं, मून क्लिपमध्ये घट्ट बसतं आणि १६० ग्रेनची गोळी ७९० फुटांनी सोडली की मायनर झालं. अडचण एकच, ते बहुधा घरी स्वतः भरावं लागतं. काडतुसं भरण्याचं यंत्र आणि तो छंद ज्याच्याकडे आहे, त्याने डोळे मिटून .३५७ चं आठ गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घ्यावं. ज्याला तयार खोकं उघडून मैदानात जायचं आहे, त्याच्यासाठी ९ एमएम.

९ एमएमला मात्र दोन खोडी आहेत. ते पिस्तुलासाठी जन्माला आलेलं, त्यामुळे पुंगळीची गोळीवरची पकड रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाइतकी घट्ट नसते. धक्क्यामुळे उरलेल्या गोळ्या हळूहळू पुढे सरकतात आणि एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचंच थांबतं. नवीन खोक्यातल्या गोळ्या आधी तपासाव्यात. सात झाडून आठवी बाहेर काढा आणि तिची लांबी मोजा. दुसरी खोड क्लिपची. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांची मागची खाच वेगळी, एका क्लिपमध्ये घट्ट बसणारी दुसरीत लोंबकळते. पुंगळ्या एकाच जातीच्या ठेवल्या तर हा त्रास संपतो. (मैदानावरून मिळेल ती पुंगळी वेचून आणणाऱ्या माझ्यासारख्या कंजुषाला हे शिकायला एक अख्खा मोसम लागला.)

स्मिथ, रुगर आणि बाकीचे

स्पर्धेच्या मैदानावर बहुतेक हातांत स्मिथ अँड वेसन दिसेल. त्यांच्या मोठ्या ‘एन’ फ्रेमवर (फ्रेम म्हणजे सांगाडा) .४५ चं सहा गोळ्यांचं ६२५, .३५७ चं आठ गोळ्यांचं ६२७ आणि ९ एमएमचं आठ गोळ्यांचं ९२९. मधल्या ‘एल’ फ्रेमवर .३५७ चं ६८६, सहा किंवा सात गोळ्यांत. मोठ्या फ्रेमचं दुखणं हाताच्या मापाचं. ट्रिगरपर्यंतचं अंतर जास्त. बोट आखूड असेल तर फक्त टोक पोहोचतं आणि ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ओढला जातो. लहान हाताच्या माणसाला मी आधी बारीक मूठ लावून बघायला सांगतो, तरीही जमलं नाही तर ‘एल’ फ्रेम. आठ गोळ्यांच्या मोहापायी हाताला न बसणारं घेणं हा तोट्याचा सौदा.

६२७ आणि ९२९ मध्ये माझा कौल ६२७ ला. २०१४ मध्ये आलेल्या ९२९ ची नळी साडेसहा इंचांची, सिलिंडर टायटॅनियमचं. हलकं सिलिंडर चटकन फिरतं, चटकन थांबतं, खाचांवर मार कमी बसतो. वेगाने ट्रिगर मारणाऱ्याला हा फरक जाणवतो. सोबत कॉम्पेन्सेटर येतो, पण यूएसपीएसएच्या रिव्हॉल्व्हर डिव्हिजनमध्ये तो चालत नाही, काढावा लागतो. टायटॅनियमचे चेंबर खरवडून साफ करायचे नसतात, तेही लक्षात ठेवावं लागतं. ६२७ चं पोलादी सिलिंडर जड, पण त्यात .३८ स्पेशल चालतं, शॉर्ट कोल्ट चालतं, .३५७ चालतं. मून क्लिपसाठी खाच असली तरी काठाची काडतुसं क्लिपशिवायही झाडता येतात. ९२९ ला क्लिप नसेल तर पुंगळ्या एकेक करून बाहेर काढत बसा. बरोबरीच्या दोन यंत्रांत जास्त गोष्टी चालवून घेणारं घ्यावं.

रुगरचं जीपी१०० ही ‘एल’ फ्रेमच्या तोडीची चीज, काही बाबतींत जास्त दणकट. त्यात सिलिंडरची पुढची बाजू क्रेनपाशी (सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतं त्या दांड्यापाशी) स्वतंत्र अडकणीने धरलेली असते. स्मिथमध्ये हे काम इजेक्टरच्या दांडीवर सोपवलेलं आहे. उघडून साफ करायलाही रुगर सोपं, बाजूची पट्टी काढावी लागत नाही, ट्रिगरचा अख्खा संच खालून निघतो. कारखान्यातून येणारा ट्रिगर मात्र स्मिथइतका लोण्यासारखा नसतो आणि सुटे भाग, जास्तीच्या साइट, मुठी, हे सगळं स्मिथसाठी कितीतरी मुबलक. २०१९ मध्ये रुगरने आठ गोळ्यांचं सुपर जीपी१०० काढलं आणि ते खास याच खेळासाठी आहे हे बघताक्षणी कळतं. स्मिथचा एकछत्री अंमल नको वाटणाऱ्याने त्याकडे जरूर बघावं.

इथे एक लहानशी पण रोजची गोष्ट. सिलिंडर उघडायची कळ स्मिथमध्ये अंगठ्याने पुढे ढकलायची, रुगरमध्ये आत दाबायची, कोल्टमध्ये मागे ओढायची. एका प्रकारावर हात बसला की दुसऱ्यावर अंगठा चुकतोच. घरात आधीच एक रिव्हॉल्व्हर असेल तर दुसरं त्याच कळीचं घेतलेलं बरं. २०२० मध्ये कोल्टने पायथन पुन्हा बाजारात आणलं, सुंदर आहे, पण सहाच गोळ्या आणि स्पर्धेचं सामान कमी. कियाप्पाचं ऱ्हायनो सर्वांत वरच्या चेंबरऐवजी खालच्या चेंबरमधून गोळी सोडतं, त्यामुळे नळी हाताच्या जवळ येते आणि तोंड कमी उडतं. कल्पना झकास, पण इतरांकडून मागून घेता येईल असं त्याचं काही नसतं. मैदानावर उधारीची मून क्लिप मिळणं ही क्षुल्लक गोष्ट नाही.

ट्रिगर, आणि फुसका बार

या खेळात हॅमर अंगठ्याने मागे ओढून बसायला वेळ कुणाला आहे? सगळं डबल ॲक्शनवर, म्हणजे ट्रिगरच्या एकाच ओढीत हॅमर मागे जातो आणि सुटतो. कारखान्यातला डबल ॲक्शन ट्रिगर साधारण दहा-बारा पौंडांचा असतो. स्पर्धक तो कारागिराकडून सहा-सात पौंडांवर आणतात. हॅमरची स्प्रिंग हलकी केली की घाव हलका पडतो आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) पेटत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं चेंबर येतं, अडकून बसायला होत नाही हे खरं, पण एक गोळी वाया गेलेली असते आणि सगळ्या स्टेजचा हिशेब एका गोळीने सरकतो. सहावाल्याला तो जास्त झोंबतो.

फेडरलचे प्रायमर सर्वांत मऊ म्हणून प्रसिद्ध आहेत आणि अगदी हलक्या ट्रिगरची रिव्हॉल्व्हर त्यांच्यावरच चालतात. म्हणजे ट्रिगर हलका करणं हा फक्त ट्रिगरचा निर्णय नाही, पुढे वर्षानुवर्षं कुठली काडतुसं वापरणार त्याचाही निर्णय आहे. तयार काडतुसांवर खेळणाऱ्याने आठ पौंडांच्या खाली जाऊ नये असं मी सांगेन. वजनापेक्षा ओढ सलग असणं महत्त्वाचं. मध्येच खडा लागल्यासारखी अडणारी सहा पौंडांची ओढ गुळगुळीत नऊ पौंडांपुढे काहीच नाही. आणि जुनं रिव्हॉल्व्हर घेताना स्मिथच्या मुठीतला पुढचा छोटा स्क्रू बघून घ्यावा. तो स्प्रिंगला ताण देतो. कुणीतरी तो सैल करून ‘बघा किती हलका ट्रिगर’ म्हणून दाखवलेला असू शकतो.

नळी, मूठ, क्लिप

नळीवर फार वेळ घालवू नये. आयडीपीए खेळायचं असेल तर चार इंच. बाकी सगळ्यासाठी पाच मला गोड लागते, सहा-साडेसहा स्टीलच्या पत्र्यांना छान. लांब नळी स्थिर राहते, पण एका टार्गेटवरून दुसऱ्यावर नेताना जड वाटते.

मूठ बदलायचीच असं धरून चाला. स्पीडलोडरसाठी डावीकडची बाजू वरून कापलेली हवी. ते माझ्या पहिल्या सामन्याने शिकवलं. स्पीडलोडरमध्येही दोन पंथ. एचकेएसचे खुंटी पिळून सोडायचे, स्वस्तात टिकाऊ. सफारीलँडचे ढकलले की आपोआप सुटतात, स्पर्धेसाठी तेच. पण जिथे मून क्लिपला परवानगी आहे तिथे लोडर घेऊन जाऊ नका. क्लिप गोळ्यांसकट आत राहते आणि गोळ्यांसकट बाहेर येते, मध्ये सोडायचं काही नसतं.

क्लिपचा शत्रू एकच, वाकणं. पातळ पोलादाची चकती, कुणाच्या बुटाखाली आली की सहज वाकते, आणि वाकलेल्या क्लिपने सिलिंडर घासतं, ट्रिगर अचानक जड होतो. सामन्याच्या आदल्या रात्री प्रत्येक भरलेली क्लिप रिव्हॉल्व्हरमध्ये घालून सिलिंडर फिरवून बघायची पद्धत असते. ते करताना नळीसमोर काय आहे याचं भान ठेवा, किंवा त्याहून बरं, गोळ्या भरण्याआधी रिकामी क्लिप सपाट काचेवर ठेवून बघा, डुलली की बाजूला काढा. पुंगळ्या काढायचं आणि गोळ्या भरायचं अवजार मात्र पहिल्याच दिवशी घ्या. नुसत्या बोटांनी पन्नास क्लिप सोलल्या की आयुष्यभर त्या अवजाराचे आभार मानाल.

मग कुणी काय घ्यावं

नुकतं सुरू करणारा, कुठला खेळ आवडेल हे अजून न उमगलेला, त्याने चार इंची, सहा गोळ्यांचं ६८६ किंवा जीपी१०० घ्यावं आणि सोबत सहा-सात स्पीडलोडर. आयडीपीएचा स्टॉक प्रकार, आयकोरचा क्लासिक, स्टील चॅलेंज, तिन्ही लगेच खुले होतात. काडतूस .३८ स्पेशल, सगळीकडे मिळणारं.

यूएसपीएसए आणि आयकोर मनापासून खेळायचं ठरलं असेल आणि घरी काडतुसं भरत असाल तर ६२७, शॉर्ट कोल्टसह. भरत नसाल तर ९२९ किंवा ९ एमएमचं सुपर जीपी१००. .४५ चं ६२५ मी हिशेबाने कुणालाच सुचवणार नाही, मात्र आयडीपीएच्या एन्हान्स्ड प्रकारासाठी चार इंची ६२५ सारखं दुसरं नाही. आणि एखाद्याने ते हातात घेऊन सहा जाड गोळ्यांची क्लिप एकदा आत टाकून पाहिली तर माझ्या हिशेबाला तो विचारणारही नाही. माझ्याकडेही एक आहे.

डावखुऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. वर सांगितलेली सगळी रिव्हॉल्व्हर डावीकडेच उघडतात. उजवा हातवाला दोन पद्धतींनी भरतो. एक, रिव्हॉल्व्हर उजव्याच हातात ठेवून डाव्याने गोळ्या भरायच्या, पकड मोडत नाही. दुसरी, रिव्हॉल्व्हर डाव्या हातात देऊन उजव्याने भरायचं. हात बदलतो, पण चपळ हात गोळ्यांकडे जातो. डावखुऱ्याला मात्र रिव्हॉल्व्हर आपल्या डाव्या हातातच ठेवून उजव्याने सफाईने भरता येतं, फक्त कळ दाबायला अंगठ्याऐवजी तर्जनी वापरावी लागते. तक्रार करणारे डावखुरे मला भेटलेत, पण त्यांची रीलोड बघून मला तरी हेवाच वाटला.

जुनं घेणार असाल तर रिकामं असल्याची दोनदा खात्री करून सिलिंडरवर अंगठ्याचा हलका दाब ठेवा आणि ट्रिगर अगदी सावकाश ओढा. हॅमर पडण्याआधी सिलिंडर खटकन अडकलं पाहिजे, आणि हे प्रत्येक चेंबरवर बघायचं, एकावर नाही. मग सिलिंडर बंद करून पुढे-मागे हलवा, खडखडलं तर किंमत पाडा किंवा सोडून द्या. शेवटी विकणाऱ्याची परवानगी घेऊन डमी काडतुसांची एक क्लिप वीस वेळा भरा आणि पाडा. पंधराव्या वेळेपर्यंत तुमचा हात काय ते सांगेल.